विषय : आपला मेल मिळाल्याबाबत

तात्या, दुपारपासून हे पान तिसऱ्यांदा उघडलंय. मध्ये उठून चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला आणि परत येऊन बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पहिलं अक्षर दाबलं की तुमचा पत्ता आपोआप खाली येतो. आज निमित्त साधंच आहे. मेलमधली जागा संपत आली, जुने मेल काढून टाका, अशी सूचना आली. काढत काढत अगदी तळाशी गेले, आणि तिथे तुम्ही भेटलात.

तुम्ही शिकायला आलात तो रविवार मला आठवतो. व्यापाऱ्याने सांगितलं होतं की डाळिंबाच्या तपासणीचा अहवाल आता मेलवरच येईल. म्हणून पहिल्या एसटीने इंदापूरहून निघून तुम्ही आमच्या बारामतीतल्या जळोचीच्या घरी आलात, पिशवीत डाळिंबं आणि एक शंभर पानी वही. मी शिकवते आहे, तुम्ही प्रत्येक पायरी वहीत उतरवून घेता आहात. एकदा क्लिक करा म्हटलं की तुम्ही दोनदा करता, पान भलतीकडे जातं, आणि माझा आवाज चढतो. तुम्ही माउसवरचा हात उचलून म्हणालात, "दमानं घे. तुला बाराखडी शिकवताना मी असा वरडलो न्हवतो." मी खुर्ची जवळ ओढली. मग सावकाश सांगितलं की जाड अक्षरातला मेल म्हणजे न वाचलेला, उघडून वाचला की अक्षर बारीक होतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे वाचलं की अक्षर वाळतं." आणि तसंच लिहून घेतलंत.

माझा जुना कॉम्प्युटर तुम्ही गावी नेलात. डोंगलला रेंज यावी म्हणून तो खिडकीपाशी मांडलात, आणि चार दिवसांनी तुमचा पहिला मेल आला. विषय : मेल शिकल्याबाबत. खाली 'महोदया', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर मी एकटीच हसले. तुम्ही आयुष्यभर लिहिलेत ते अर्जच, तलाठ्याला, वीज मंडळाला, कारखान्याला. फोनवर मी म्हटलं, अहो, लेकीला कुणी महोदया म्हणतं का? तुम्ही म्हणालात, तोंडी बोलायचं निराळं, कागदावर रीत नको व्हय? मग तसेच येत राहिले. वांग्याची रोपं लावल्याबाबत. गाय व्याल्याबाबत. तुझ्या आईच्या रागाबाबत. एका बोटाने टाइप करायचात, म्हणून चार ओळींच्या वर कधी गेला नाहीत. मी मात्र दोन शब्दांत उत्तर द्यायचे, आणि तेही रोज नाही.

मग तो मेल आला. विषय : आईस आठ दिवस ठेवून घेण्याबाबत. 'महोदया, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन बारामतीस ठरले आहे. नंतर धूर व धूळ चालत नाही. आपल्याकडे चूल आहे. तरी आठ दिवस तुझ्याकडे सोय होईल काय. अडचण असल्यास कळवावे, राग नाही. आपला विश्वासू.'

सकाळी अकराला मी तो वाचला. घरी विचारून कळवू, म्हणून बंद केला. दोन खोल्यांचं घर, सासूबाई गुडघ्याने बेजार, मुलीची परीक्षा, ही सगळी कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. त्यातलं एकही खोटं नाही. पण मी घरी कुणाला विचारलंच नाही, हे त्या कारणांच्या यादीत कधी येत नाही. विचारलं असतं तर कदाचित कुणी नाही म्हटलंही नसतं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तुमचा फोन आला, मेल मिळाला का म्हणून. मी म्हटलं, कसला मेल?

माझ्या तोंडून ते कसं निघालं, हे मी अजून शोधते आहे. तुम्ही म्हणालात, "न्हाय मिळाला? मग माझंच कायतरी चुकलं असंल." त्यात काय लिहिलं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. तोंडाने मागता येत नव्हतं म्हणूनच तर तुम्ही लिहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि मीही विचारलं नाही, काय होतं त्यात? ज्याला खरंच मिळालेला नसतो तो पहिल्यांदा हेच विचारतो. तुमच्या ते लक्षात आलं असेल का?

ऑपरेशन झाल्यावर आई पणदऱ्याला आत्याकडे राहिली. मी एकदा शिरा घेऊन गेले, दोन तास बसले. तिच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, आणि मी तिला नीट दिसत नाही याचं मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही वही घेऊन परत आलात. पुन्हा पहिल्यापासून शिकव म्हणालात, कुठं चुकतंय ते बघू. आणि मी शिकवलं, तात्या. तुमची एकही चूक झालेली नाही हे माहीत असताना सगळं पहिल्यापासून शिकवलं, या वेळी आवाज न चढवता. पाठवलेल्या मेलची यादी तुम्ही स्वतःच उघडलीत. पडद्यावर आपल्या दोघांसमोर ती ओळ होती, आईस आठ दिवस ठेवून घेण्याबाबत. तुम्ही बोट ठेवलंत.

"हितं तर गेलेला दिसतोय की."

"कधी कधी जातो, पण पोचत नाही," मी म्हटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण पुढे म्हणाले, "मला कळलं असतं तर ठेवून घेतलं नसतं का आईला?"

"व्हय की. मी तेच म्हणलं तिला."

मग तुम्ही वहीत लिहिलंत, 'गेला तरी पोचेलच असे नाही.' पेनाला टोपण लावलंत. त्यानंतर तपासणीचे अहवाल तेवढे त्या पत्त्यावर येत राहिले, मला मेल आला नाही. विचारलं की म्हणायचात, मला काय ते नीट जमलं न्हाय. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. वही आईने दिली, ते पान मी अजून नीट बघू शकत नाही.

आता विषयाच्या रकान्यात तुमच्याच रीतीने लिहिलंय, आपला मेल मिळाल्याबाबत. पाठवला तर जाईल, पोचणार नाही, हे मीच तर शिकवलं तुम्हाला. म्हणून राहू देते.

एवढंच सांगायचं होतं. तुमचा तो मेल मी काढलेला नाही. माझ्या मेलची यादी उघडून पाहिलीत तर तुम्हाला तो जाड अक्षरातच दिसेल. दर वेळी वाचून झाला की मी तो पुन्हा न वाचलेला करून ठेवते. आत्ताही केला.