तळमजला, दर्शनी बाजू

२ जानेवारी, सकाळी ८
नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प दोनच. दुकान रोज ठीक नऊला उघडायचं. कुणावर चिडायचं नाही.
आज मीटिंग आहे, त्यामुळे दुकान उद्यापासून.

२ जानेवारी, दुपारी
मीटिंग ऐतिहासिक झाली. आमचा जुना बाजार पाडून तिथे पाच मजली शॉपिंग सेंटर होणार, हे पक्कं. काचेचं छत, सरकते जिने, मधोमध कारंजं. जुने दुकानदार आम्ही बासष्ट. नव्या इमारतीत आमच्यासाठी गाळे चाळीस. उरलेल्या बावीस जणांनी काय करायचं, असं कुणीतरी विचारलं, तर प्लॅनिंगवाल्या मॅडम नुसत्या हसल्या. असो, तो माझा प्रश्न नाही. दुकानदार कमिटीचा अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. (मीटिंगला आम्ही चौघेच होतो. पण चौघांचं एकमत होणं ही काय साधी गोष्ट आहे?)
वडिलांनी बटणांचं दुकान टाकलं ते आतल्या बोळात, जिन्याखाली. एवढ्या वर्षांत काउंटरवर एकदा ऊन पडलेलं नाही. आता मात्र तळमजला, दर्शनी बाजू. त्याच्याखाली तडजोड नाही, असं मी मॅडमना आडून आडून सुचवलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

६ जानेवारी
नऊला उघडणार होतो. निघताना मॅडमच्या ऑफिसातून फोन आला, नकाशे बघायला या. गेलो. अध्यक्षाने नाही जायचं तर कुणी जायचं?
बायको म्हणते, तुम्ही मीटिंगा करा, मी बसते दुकानात. तिला शांतपणे समजावलं. आपल्याकडे अकराशे प्रकारची बटणं आहेत. दोन भोकांची, चार भोकांची, मागून दांडीची. गिऱ्हाईक कोट पुढे करतं आणि मी नुसत्या नजरेने खण सांगतो. ही नजर लागते. त्यावर ती म्हणाली की अठ्ठावीस वर्षं तुमच्या शर्टांना बटणं कोण लावतंय? मी विषय बदलला.

१४ जानेवारी
आज मी जे केलं ते बाजार विसरणार नाही.
समोरच्या सुटकेसवाल्याने दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या मॉलमध्ये दुसरं दुकान घेतलं आणि इथल्याचं गोडाऊन करून टाकलं. शटर कायम खाली. आणि हा गृहस्थ तळमजला मागायला पुढे! मग मी नियमच मांडला. जे दुकान खरोखर चालू आहे, त्यालाच नवीन गाळा. तपासायला न सांगता तीन भेटी. तिन्ही वेळा बंद सापडलं तर नाव कायमचं बाद, रडगाणं ऐकून घ्यायचं नाही. मॅडम म्हणाल्या, किती छान मुद्दा आहे. लगेच टाइप करून आणला. पहिली सही माझी, पूर्ण नावानिशी.
शेजारच्या घड्याळवाल्याने शंका काढली की एखादा माणूस दुकानाच्याच कामासाठी बाहेर गेला असेल तर? त्याला म्हटलं, उगाच फाटे फोडू नका. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो बिचारा, पुढचं दिसत नाही.

२२ जानेवारी
सुटकेसवाला महा बिलंदर! त्याने म्हाताऱ्या मावशीला दुकानात आणून बसवलं. शटर वर, दिवा लावलेला, मावशी खुर्चीत स्वेटर विणतायत. गिऱ्हाईक आलंच तर म्हणतात, मला काही माहीत नाही बाबा, भाचा संध्याकाळी येईल. याला काय दुकान म्हणतात? ही शुद्ध धूळफेक. पकडला जाणार, लिहून ठेवतो.
चिडलो नाही. फक्त त्याच्या दिशेने मोठ्याने खाकरलो.

३ फेब्रुवारी
दिवसभर मॅडमच्या ऑफिसचा सेमिनार. विषय, शहराच्या मध्यभागाचं भविष्य. एक तज्ज्ञ म्हणाले की लोक आता बाजारात वस्तू घ्यायला येत नाहीत, अनुभव घ्यायला येतात. माझ्या अंगावर काटा आला. बटणाचा अनुभव! मऊ उजेड, गोल खुर्च्या, मोठ्या स्क्रीनवर एकच बटण, हळूहळू फिरणारं. मी सात मिनिटांचा प्रश्न विचारला. तज्ज्ञ म्हणाले, जेवणानंतर बोलू. जेवणानंतर ते दिसले नाहीत.
परत आलो तर शटरवर पिवळा स्टिकर! त्यावर ‘पाहणी झाली’, तारीख आणि कुणाची तरी सही. सुटकेसवाल्याला नाही, घड्याळवाल्याला नाही. पूर्ण बोळात एकट्या मला. ही प्राथमिक निवड, दुसरं काय असणार?
घड्याळवाला सांगत होता की दोन माणसं फॉर्म घेऊन आली होती. त्याने त्यांना थांबवलं, आत्ता येतीलच म्हणाला, ती पाच मिनिटं थांबून गेली. सांगताना त्याचा चेहरा पडलेला होता. मत्सर वाईट.

११ फेब्रुवारी
आज ठरल्याप्रमाणे नऊला उघडलं. (सव्वादहा.) अकराला बंद करून मॉडेल बघायला गेलो. थर्माकोलची अख्खी इमारत, हिरवी झाडं, बोटाएवढी माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी. कोपऱ्यातल्या दर्शनी गाळ्यावर बोट ठेवून म्हटलं, इथे आम्ही. मॅडम म्हणाल्या, प्लीज हात लावू नका, ओलं आहे. बोटाला अजून फेव्हिकॉल आहे.
परतलो, तर दुसरा स्टिकर!!

१२ फेब्रुवारी
बायको म्हणाली, एकदा मॅडमना विचारा तरी, ते स्टिकर कसले आहेत. हिला कसं सांगू? अध्यक्षाने स्वतःच्या दुकानाबद्दल विचारणं म्हणजे वशिला. लोक बोट दाखवतील. दोन्ही स्टिकरवर प्लास्टिक चिकटवलं, कडा निघत होत्या.
घड्याळवाला चावी मागायला आला. म्हणतो, तुम्ही नसाल तेव्हा शटर वर करून ठेवत जाईन, मधूनमधून लक्ष देईन, मला काही त्रास नाही. माणूस सरळ आहे, पण धंद्याची चावी अशी कुणाच्या हातात देतात का? नम्रपणे नाही म्हटलं. तो जाऊन पुन्हा भिंग लावून बसला.

२६ फेब्रुवारी
आज मीटिंग नव्हती. दुकान उघडणारच होतो. पण उद्घाटनात अध्यक्षाला बोलावं लागणार, आणि भाषण काय आयत्या वेळी होतं? घरी बसून तीन पानं लिहिली. सुरुवात फार छान जमली आहे. ‘या इमारतीचा पाया सिमेंटचा नाही, विश्वासाचा आहे.’
दुपारी सहज बाजारात चक्कर मारली. तिसरा स्टिकर! पूर्ण बाजार फिरून आलो. तीन स्टिकर असलेली दुकानं मोजकी नऊ, आणि त्यातली बरीचशी कधीची बंदच पडलेली. त्यांना कसे दिले, कळत नाही. कमिटीत विषय काढायला हवा.
शटरपुढे उभा राहून फोटो काढून घेतला. मावशींनी काढला. अर्धा अंगठा आलाय.

४ मार्च
पेंटरला बोर्ड रंगवायला दिला. तळमजला, गाळा क्रमांक एक. बायको म्हणाली, यादी लागू दे की आधी. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? ती आत गेली. नकारात्मक विचार घरात नकोत, हे तिला केव्हातरी सांगायला हवं.

९ मार्च
यादी लागली.
गाळा क्रमांक एक, सुटकेसवाला. दोन, घड्याळवाला. खालपर्यंत वाचली. टायपिंगची चूक असेल म्हणून खालून वर वाचली. चाळीस नावं, माझं नाही.
शेजारी दुसरा कागद होता. ‘पाहणीत तिन्ही वेळा बंद आढळलेली दुकानं.’ नऊ. त्यात मी पहिला.
माझ्या मागे लोक उभे होते, त्यांना वाचायचं होतं. बाजूला झालो.

१० मार्च
मॅडमकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, मी अध्यक्ष आहे. त्या म्हणाल्या, हो ना. मी म्हटलं, त्या तीनपैकी दोन दिवस मी तुमच्याच कार्यक्रमात होतो, एका दिवशी तर तुमच्या मॉडेलला माझं बोट चिकटलं होतं. त्या ओशाळल्या, खरंच ओशाळल्या. म्हणाल्या, फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, चालू आणि बंद. मग त्यांनी नियमाचा कागद काढला. खाली माझी सही, पूर्ण नावानिशी. नियम फार उपयोगी पडला म्हणे, नऊ नावं आपोआप गळाली, चिठ्ठ्या टाकून फक्त तेरा काढावी लागली, काम अगदी सोपं झालं. आणखी दोन बाजारांत आता हाच लावणार आहेत. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, असंही म्हणाल्या.
चहा चांगला होता. संपवला.
घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, आता ऐकवेल. ऐकवायला हवं होतं तिने. तिने फक्त माझं पाण्याचं भांडं भरून ठेवलं.

१३ मार्च
कमिटी बरखास्त. काम संपलं म्हणून. घड्याळवाला म्हणाला, माझ्या नवीन दुकानात एक खण देतो तुम्हाला, शर्टाची साधी बटणं ठेवा. अकराशे प्रकार आणि एक खण! तडकून नाही म्हटलं. नंतर वाटलं, चार दिवसांनी विचारावं. मग कळलं, त्याला मिळालेला गाळा आताच्या दुकानाच्या निम्माच आहे.

१७ मार्च
महिनाअखेर दुकान रिकामं करायचं आहे. आज आवराआवर. बायको मदतीला आली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण काउंटरच्या आतल्या बाजूला ती आज पहिल्यांदा उभी राहिली. मी खण काढून देत होतो, ती खोक्यावर नावं लिहीत होती. शिंपल्याची, लाकडी, कोटाची, लहान मुलांची. एकदाही मला विचारलं नाही. मी दोन खोक्यांवर चुकीचं लिहिलं, ते तिने खोडून नीट केलं. तुला हे कसं माहीत, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

२१ मार्च
आज कुठे जायचं नव्हतं. नऊच्या आधीच उघडलं. समोर सुटकेसवाल्याकडे सामान भरायला टेम्पो लागला होता.
अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. दारातच थबकल्या. म्हणाल्या, अहो, तुम्ही आहात? मी तर समजले की दुकान उठलं. मिस्टरांच्या कोटाचं एक बटण पडलं होतं, त्यासाठी दोन महिन्यांत चार वेळा येऊन गेल्या म्हणे. कसं होतं विचारलं. तपकिरी, चार भोकांचं, कडेला बारीक सोनेरी रेघ. मी खोकं उघडलं, हात घातला आणि तेच काढून काउंटरवर ठेवलं. बाईंचा चेहरा फुलला. अगदी हेच, म्हणाल्या. कुठ्ठे मिळालं नाही हो हे.
मी कागदात बांधायला घेतलं, तर म्हणाल्या, नको, आता नको. मॉलमध्ये सगळी सहाच्या सहा बदलून घेतली. एवढी चांगली नाहीत, पण चालतात. इकडून जात होते, उघडं दिसलं म्हणून डोकावले.
म्हटलं, असंच घेऊन जा, पैसे नकोत. त्या हसल्या. एकाचं काय करू, म्हणाल्या.
त्या गेल्यावर खोक्यांच्या मागे जमिनीवर बसून राहिलो. यादी वाचतानासुद्धा एवढं वाईट वाटलं नव्हतं.