खुर्चीचा नकाशा

सातारा, ९ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस ब्राह्मीचा सा. न. वि. वि.

जय जिनेंद्र. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा काकांनीच उचलला. फोन सरपंचांचा, म्हणजे तुझा, आणि खिशात मात्र काकांच्या! म्हणून हे पत्र, तेही बाजारात भाजी विकणाऱ्या बयाबाईंच्या पत्त्यावर.

गावातली सत्ता प्रत्यक्षात कोण चालवतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तुमच्याकडे चार दिवस राहून ग्रामपंचायतीत कोण कुठे बसतं याचा मी नकाशा काढला. आमच्या मॅडमना तो लय आवडला. मला मात्र चैन नाही. सरपंच तू, आणि नकाशात तुझ्या खुर्चीवर काका. नावं बदलली तरी गाव ओळखेल, आणि त्रास तुला होईल. नको असेल तर कळव, ते प्रकरण फाडून टाकते.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ब्राह्मी

१६ जानेवारी

चि. ब्राह्मीस मावशीचे अ. आ.

पत्र बयाबाईच्या दारात उभ्यानेच वाचलं. फाडू नकोस. पण चूक तुझीही आहे, शहाणे. काकांना विचारून तू दोन वह्या भरल्यास. मला काय विचारलंस? साखर कुठे आहे! तेव्हा राग आला होता, आज सांगते.

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत बाजाराच्या जागेवर दुकानगाळे बांधायचा ठराव येतोय. बयाबाईसारख्या तीस बायकांनी बसायचं कुठे? हे म्हणतात, मी नुसती सही करायची, बाकी ते बघून घेतील. माणूस वाईट नाही गं, कधी आवाज चढवला नाही. म्हणूनच जड जातंय. त्या दिवशी खुर्चीवर मीच बसावं असं मनात आहे, पण धीर होत नाही. बयाबाई म्हणते, बसून तर बघा, खुर्ची काय चावतीया व्हय.

वेळेवर जेवत जा.

तुझी मावशी

२० जानेवारी

ती. मावशीस सा. न.

वाचून कान गरम झाले. दोन्ही वह्या पुन्हा चाळल्या, तुझं एक वाक्य नाही. सत्तेचा अभ्यास करायला आले आणि मीही खुर्चीत बसलेल्यालाच विचारत राहिले. लाज वाटते. प्रबंधाची मुदत सत्तावीसची, त्यामुळे येता येत नाही. जीव तिकडेच आहे. काय झालं ते लगेच लिही, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी ब्राह्मी

२८ जानेवारी

चि. ब्राह्मीस अ. आ.

बसले. हे आले, मला खुर्चीत बघून दारातच थांबले, मग मागच्या बाकावर जाऊन बसले. बोलताना माझा आवाज दोनदा फाटला. सही केली नाही. ठराव पुढच्या सभेवर गेलाय. पडलेला नाही, हे ध्यानात ठेव.

तेव्हापासून घरात अबोला. आज सकाळी मी ठरावाचे कागद वाचत बसले होते, तर यांनी स्वतःच चहा ठेवला. दोन दिवसांत एवढंच विचारलं, साखर कुठे आहे.

फोन अजून त्यांच्याच खिशात आहे. पण यापुढचं पत्र घरच्या पत्त्यावर टाक.

सौ. गुणमाला,
सरपंच