यंदा मामाची संत्री पुन्हा आली

प्रिय आई,

परवा मामाची टोपली आली, म्हणून लिहायला बसले. एरवी तुला पत्र लिहायचं माझ्या डोक्यात नव्हतं. तू गेल्यापासून मी तुझ्याशी स्वयंपाकघरात बोलतेच, आणि जिवंत होतीस तेव्हासारखी भांडतेही. पण आज चर्चमध्ये मंडळीच्या सभेत जे झालं ते पोळ्या लाटता लाटता सांगण्यासारखं नाही. त्यासाठी बसायला हवं.

आणि हो, सभेत मी तुझ्या खुर्चीवर होते. कमिटीत तुझ्या जागी मला घेतलंय. पाळकसाहेब म्हणाले, आईचं तोंड घेतलंच आहेस तर जागाही घे. हसू नकोस.

तुझ्यानंतरचा हा संत्र्यांचा पहिला हंगाम, पहिला आंबिया बहार. मामाला वाटलं असेल, त्याची बाई, म्हणजे तू, आता यायची नाहीस, तर आपणच पाठवावं. कंडक्टरच्या हाती टोपली दिली आणि मला फोन केला. स्टँडवर जाऊन घेऊन आले. वर संत्र्याचा हिरवा पाला, आणि पाला बाजूला केला तर वरच्या फळांवर तेच कुंकवाचं बोट. मला तिथंच, फलाटावर, हसू आलं आणि मग डोळे भरून आले. मामा काही बदलला नाही, आई.

आठवतं ते मामाच्या संत्र्यांचं पहिलं वर्ष? मी तेव्हा कॉलेजात होते. हंगामाच्या सणाला आपल्या मंडळीत सगळे काही ना काही आणून वेदीसमोर ठेवतात. शेत कोणाकडे आहे? हुडकेश्वरच्या प्लॉटांवर राहणारे लोक आपण, बाजारातला भोपळा आणि पपई नेऊन ठेवतो. तुझा मात्र त्या दिवशी काय थाट असायचा! नरखेडकडच्या शेतकऱ्याची लेक. "माह्या बापाच्या वावरातलं हाय," हे तू कोणी न विचारता चार जणींना सांगायचीस. बाबा आणि तू प्रभूकडे आलात, पण माहेराला तू कधी सोडलं नाहीस, आणि माहेरानंही तुला.

त्या वर्षी तू मामाला सांगितलंस, आमच्या देवासाठी चांगली संत्री पाठव. मग मामानं काय करावं? पहिला तोडा बांधावरच्या मारुतीसमोर ठेवला, कुंकू-अक्षता वाहिल्या, आणि त्यातलीच सगळ्यात देखणी फळं निवडून टोपली भरली. बाईच्या देवाला देवासमोर न ठेवलेलं कसं पाठवायचं? त्याच्या परीनं त्यानं मोठा मान केला होता. आणि तू ती टोपली स्टँडवरून थेट चर्चमध्ये आणलीस, पाला न काढता.

पाला काढला रंजनाताईनं. आपल्या शेजारची रंजनाताई तेव्हा नुकतीच मंडळीत आली होती. तिच्या अंगात येतं म्हणून घरच्यांनी लहानपणापासून तिला मळवट भरून लोकांपुढं बसवलेलं. त्यातून ती कशी बाहेर पडली ते तिलाच माहीत. त्या संत्र्यांवरचं कुंकू पाहिलं आणि तिच्या हातातून पानं गळून पडली. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

मग काय, उपासना राहिली बाजूला. अरविंदकाका म्हणाले, हे आत्ता बाहेर फेका. आम्ही पोरं म्हणालो, फळ हे फळच असतं, पृथ्वी देवाची तर संत्री कोणाची? माझा आवाज सगळ्यात मोठा होता. तू माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, "तू बरोबर बोलून राहिली. पण ते पोट्टी तिथं थरथरून राहिली. तुह्या बरोबर असण्याचं तिनं काय करावं?"

आणि टोपली कमरेवर घेऊन तू बाहेर गेलीस. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यांना सगळी संत्री वाटलीस. परत आलीस ती रंजनाताईजवळ खाली बसलीस आणि उपासना संपेपर्यंत तिचा हात धरून राहिलीस. रेशमी साडी नेसून फरशीवर.

मला वाटलं, झालं, अरविंदकाका जिंकले. त्यांनाही तसंच वाटलं असावं. पुढच्याच सभेत त्यांनी नियम मांडला: देवाला दाखवलेलं जो खाईल त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला नाही. सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तुझ्याच टोपलीमुळं सगळं झालेलं, तू काय बोलणार?

तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रंजनासाठी मी माह्या भावाचं संत्रं इथं तोंडात घालणार नाही. मले कोणी सांगतलं नाही, माही मी ठरवलं. पण तुमी नियम करसान, तं पयल्या एसटीनं जाईन, वावरात बसून पोटभर खाईन, अन् पुढच्या रविवारी इथंच येऊन सांगीन."

मला तेव्हा काही कळलं नाही, आई. खायचं की नाही खायचं, एक काहीतरी धर ना! घरी येऊन मी तुला तसं म्हटलंही. तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सोडणं माह्या हातात हाय तोवर ते प्रेम हाय. त्याईनं मले सोडाले लावलं, का संपलं." एवढंच. आणि लगेच मला कांदा चिरायला बसवलंस.

नियम त्या दिवशी मागं पडला. आणि संध्याकाळी तू काय केलंस? अरविंदकाकांच्या घरी गोळाभाताचा डबा घेऊन गेलीस. मी चिडले होते. ज्या माणसानं भर सभेत तुला सुनावलं त्याच्या दारात कशाला जायचं? तू म्हणालीस, "काकाईनं बाप्तिस्मा घेतला तं घरच्याईनं उंबरा बंद केला. त्याईनं घर देऊन हे घेतलं हाय. जे महाग पडते त्याले माणूस कुलूप लावते. त्यात चिडाचं काय?" पुढं कित्येक वर्षं तुमचं दोघांचं पटलं नाही. लग्नात हळद लावावी का, दिवाळीचा फराळ घ्यावा का, प्रत्येक वेळी तुमची जुंपायची. आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी डबा जायचा. आपल्या घरी कधी कधी भाजी कमी पडायची ती त्यामुळं, हे तुला आता सांगायला हरकत नाही.

मामाला तू खरं तेच सांगितलंस. त्यानं विचारलं होतं, "काहून वं बाई, माह्या देवाचं तुह्या देवाले चालत नाही का?" तू म्हणालीस, "देवाले चालते गा. एका पोरीले भेव लागते." मामा म्हणाला, "भेव लागत असंन तं नको. मंग तूच येत जाय खायाले." भाऊ कोणाचा आहे ते तिथं दिसलं.

तेव्हापासून संत्र्यांच्या दिवसांत तू एसटीनं जायचीस, बांधावर बसून खायचीस आणि हात हुंगत परत यायचीस. घरात मामाचं एकही संत्रं नाही. रंजनाताई कधीही मागच्या दारानं यायची, आणि मामाच्या फळावर कुंकवाचं बोट असायचंच. नागपुरात राहून, मामाची एवढी बाग असून, आम्ही संत्री कॉटन मार्केटमधून विकत आणायचो! ह्याबद्दल मात्र माझी तुझ्याविरुद्ध तक्रार अजून आहे.

आता आजचं सांगते.

स्टँडवरून टोपली आणताना मला कोणीतरी पाहिलं आणि ती बातमी माझ्याआधी चर्चमध्ये पोचली. उपासनेनंतर सभा होती. अरविंदकाका आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तसाच आहे. त्यांनी तोच जुना नियम पुन्हा मांडला. म्हणाले, "विमलबाई होत्या तवा मी थांबलो. आता नवी पोरं येऊन राहिली. कुठंतरी रेघ ओढा लागते." ह्या वेळी माना डोलावणारे जास्त होते, आई. मी पाहत होते. मत घेतलं असतं तर तुझं इतक्या वर्षांचं सगळं अर्ध्या तासात गेलं असतं.

मी उठले. मला खूप काही बोलायचं होतं आणि राग डोक्यात गेला होता, त्यामुळं दोनच वाक्यं बोलले आणि तिसरं सापडेना. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मी बोलू का जी?"

रंजनाताई होती. आजवर सभेत ती कधी एक शब्द बोललेली नाही. उभी राहिली, पदर मुठीत धरून.

म्हणाली, "मी अजूनबी खात नाही. मले आजबी त्या कुंकवाचं भेव लागते. काका म्हणतात ते माह्यासाठीच म्हणून राहिले, हे मले समजते. पण एक सांगतो. विमलमावशी रामदासपेठेत दवाखान्यात होती तवाची गोष्ट हाय. नीता औषध आणाले खाली गेली होती. मावशीचं तोंड कोरडं पडलं होतं. मावशीचा भाऊ गावाहून संत्री घेऊन आला. मावशीनं संत्र्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं, अन् भावाले म्हणाली, आता नको गा, ठेव. भावानं पिशवीत ठेवलं."

हे मला माहीतच नव्हतं, आई. मी औषधं घेऊन वर आले तेव्हा खोलीत संत्र्याचा वास होता, एवढं आठवतं. मामा खिडकीकडं तोंड करून उभा होता. तू मला का सांगितलं नाहीस?

"त्या हालतीतबी माह्यासाठी नको म्हणली," रंजनाताई म्हणाली. "तवा मी उठली. भावाच्या पिशवीतून संत्रं काढलं. त्याच्यावर बोट लागलं होतं कुंकवाचं. मी सोललं, शिरा काढल्या, बिया काढल्या, अन् मावशीच्या तोंडात एकेक फोड घातली. मावशीनं खाल्लं, डोये मिटले अन् हसली. आता तुमी नियम कराल, तं मावशीनं माह्यासाठी जे केलं ते पुढं कोणी कोणासाठी करणार नाही. सगळे नियम हाय म्हणून करतीन. मंग मी कोणासाठी काहून सोलीन?"

आणि ती बसली.

मी तुला सांगू? मला रडू आलं नाही. मला इतका अभिमान वाटला की मान आपोआप वर झाली. तुझा तर वाटलाच, पण रंजनाताईचाही. जिला आम्ही सगळे दुबळी समजून जपत होतो, तिनं आम्हाला उभं केलं. तू हे पाहायला हवी होतीस. तुझ्याच खुर्चीवरून मी पाहिलं, तुझ्या वतीनं.

अरविंदकाका काठी टेकत उठले. मग म्हणाले, "माहं मत बदललं नाही. देवाला दाखवलेलं मी मरेपर्यंत खाणार नाही." आणि पाळकसाहेबांकडं वळून म्हणाले, "पण नियम राहू द्या बाजूला. लिहू नका." बाहेर पडताना माझ्याजवळ थांबले आणि दुसरीकडं पाहत म्हणाले, "विमलबाई असत्या तं आज संध्याकाळी डबा आला असता."

मग काय करणार? केला गोळाभात. डाळीचे गोळे थोडे फुटले, वरची फोडणी जळली. घेऊन गेले. काकांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "तुह्या आईसारखा नाही झाला." मी डबा उचलायला गेले तर म्हणाले, "ठेव, ठेव. रिकामा उद्या नेजो." तुझा तो जुना स्टीलचा डबा त्यांनी लगेच ओळखला.

टोपली मी परवाच कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यांना वाटली होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पहिले एक बाई देऊन गेल्या होत्या, तशीच गोड आहेत." मामाला फोन करून सांगितलं, पाठवू नका, मीच येते खायला. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मामा म्हणाला, "ये वं बाई." मला बाई म्हणाला, आई. आजवर तो फक्त तुला म्हणायचा.

आत्ता रंजनाताई मागच्या दारानं येऊन गेली. मी पत्र लिहितेय म्हटल्यावर विचारलं, काय लिहून राहिली. सांगितलं. मग म्हणाली, "शनिवारी गावाले जाशीन तं मले घेऊन चाल. मी खाणार नाही. पण तुले कोण सोलून देईन तिथं?"

तर आई, तुझ्या खुर्चीवर बसून तुला शब्द देते. ज्याला भीती वाटते त्याच्यासमोर मी माझं बरोबर असणं मिरवणार नाही. जो माझ्याशी भांडेल त्याच्याकडे संध्याकाळी डबा जाईल, गोळे फुटलेले का असेनात. आणि कोणी प्रेमाचा नियम करू लागलं तर मी उभी राहीन, आणि पुढच्या वेळी तिसरं वाक्यही शोधून ठेवीन.

शनिवारी आम्ही दोघी बांधावर बसू. तिनं सोलून माझ्या हातावर ठेवलं, तरच खाईन.

तुझी,
नीता