पूर्वेकडचे ज्योतिषी

प्रिय हरिणी,

तुझा हट्ट माझ्याच रक्तातला, तेव्हा गाऱ्हाणं कुणाकडे नेऊ? जन्मवेळ कळून नक्षत्र पाहिल्याशिवाय नातवाचं तोंड बघणार नाही, असं मी कळवलं. तू उलट कळवलंस, आधी त्याला बघा, मग वेळ सांगते. झालं! दोघंही अडून बसलो, आणि पोर तिकडे तिरुचीला पालथं पडू लागलं म्हणे. तुझी आई माझ्याशी आता कॉफीपुरतंच बोलते.

पण आज एक गंमत सांगायची आहे. परवा पहाटे तुझी आई दारात मार्गळी महिन्याची रांगोळी घालत होती, तर समोरच्या जसिंता टीचर स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर खडूनं काही लिहीत होत्या. सालाचे आकडे, मध्ये तीन इंग्रजी अक्षरं आणि जागोजागी अधिकची चिन्हं. मला वाटलं, हे ग्रहांचं यंत्रच! तुझ्या आरोक्यराजची माणसं ख्रिस्ती, त्यांच्यात पत्रिका नाही म्हणून मी एवढा कुरकुरलो, आणि इथे हे काय? दिवसभर बेरजा करून पाहिल्या, काही जुळेना. शेवटी लाज सोडून विचारायला गेलो.

टीचर पोट धरून हसल्या. ती तीन राजांच्या सणाची खूण, खडू चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेला, अक्षरं त्या तिघांच्या नावांची. पण राजे त्यांना लोकांनी मागाहून केलं. मूळ ग्रंथात ते पूर्वेकडचे, तारे बघणारे ज्योतिषी. म्हणजे आपल्याच धंद्यातले की गं! मी खुर्ची ओढून बसलोच. ना त्या धर्माचे, ना त्या गावचे, तरी नवा तारा दिसला म्हणून निघाले. देवानं आपलं रूप परक्यांनाही दाखवलं, हाच त्या सणाचा अर्थ, असं टीचर म्हणाल्या. मी विचारलं, मग त्यांनी बाळाची पत्रिका मांडली असेल? छे! घरात शिरले, बाळ पाहिलं, साष्टांग नमस्कार घातला, भेटी ठेवल्या आणि वेगळ्याच वाटेनं घरी गेले. मग वेळेची चौकशी कुणीच केली नाही का? एकानं केली, म्हणाल्या. तारा नेमका कधी दिसला हे खोदून खोदून विचारलं ते त्या देशाच्या दुष्ट राजानं. बाळाला नमस्कार करायला येतो म्हणाला होता, पण मनात त्याच्या जिवावर उठला होता. पोरी, त्यानंतर मला त्यांची कॉफी कडूच लागली.

म्हणून हे पत्र. नाचियार्कोविलहून बाळाला भेट म्हणून पितळी दिवा आणून ठेवला आहे. तुझी आई म्हणते मार्गळी संपू दे, पोंगल होऊ दे, मग शुभ कामाला निघू. मला धीर नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनच्या बसनं दोघं निघतो. राहुकाळ आहे, ठाऊक आहे मला. पंचांग पिशवीतून काढून ठेवलं. तिरुचीहून कुंभकोणम पूर्वेलाच येतं, तेव्हा आम्हीही पूर्वेकडचेच. दारात पोचल्यावर जन्मवेळ सांगू नकोस हं, आधी त्याला माझ्या हातात दे.

तुझाच, हट्टी
अप्पा