ओट्याला पाडलेली दोन भोकं

लिंबागणेश,
मंगळवार

ती. छबुवन्संना भिवराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आता उतारावर कुरकुरत नसतील. सिरसाळ्याच्या नव्या घरात स्वयंपाकघर मोठं झालं असं ऐकलं, बरं वाटलं. इकडे मी ठीक आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणते.

लिहायचं कारण असं की परवाच्या लग्नात मोहनभाऊजींनी साऱ्या भावकीत सांगितलं, दादानं ओट्याला पोकळ दगड आणला, दुकानदारानं त्याला येडं बनवलं. यांना जाऊन अकरा महिने झाले. ते उलट बोलायला येणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

फिल्टरचा नळ ओट्यावर बसवायचा होता. भाऊजी एकदा पाणीपुरवठा समितीवर होते (पाणी आलं नाही, ते होते), तेव्हापासून दिसेल तो नळ त्यांना आपलाच वाटतो. कडा गावाहून आले ते भिंत फोडायची मशीन आणि सटवाला घेऊन. सटवाचं काम एवढंच, भाऊजींनी जांभई दिली तरी "बराबर हाय मालक" म्हणायचं. नळाच्या खोक्यातला कागद मी वाचून दाखवला (किराण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकलेल्या बाईला छापील कागद सोडवत नाही). दगडावर ठोके देणारी कळ बंद ठेवा, पाणी घालत राहा, दाबू नका. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दगडाला वाचता येतंय का? तुमी चहा टाका."

चहाला उकळी यायच्या आत ओटा तडकला, भोकापासून थेट भिंतीपर्यंत. हा ओटा यांनी माझ्या कोपराचं माप घेऊन, गवंडी म्हणत होता त्यापेक्षा चार बोटं खाली बसवून घेतला होता. भाऊजींनी भेगेकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या यांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "दगडच पोकळ हाय. दादा लई भोळा." सटवा म्हणाला, "बराबर हाय मालक." चहा दोघांनीही घेतला. साखर कमी पडली म्हणाले.

मग मी गहिनीनाथ फरशीवाल्याकडून बॅटरीवरची भोक पाडायची मशीन आणि दगड कापायचं गोल बिट मागून आणलं. ओट्यावर कणकेचं आळं केलं, त्यात पाणी भरलं आणि सिंकच्या दुसऱ्या बाजूला बिट नुसतं टेकवून धरलं. अर्धा तास लागला. पेढ्याएवढा गोल तुकडा निघाला, कुठं टवका नाही. (कणीक मात्र वाया गेली, दगडाची भुकटी गायही खात नाही.) नळ सुरू झाला. कुणाला तरी दाखवावं म्हणून वळले, तर मागं कुणी नव्हतं.

तुमची,
भिवरा

ता.क. वर्षश्राद्धाला सारी भावकी येईल. तुम्ही थोरल्या, भाऊजी तुमचंच ऐकतात. पानं वाढण्याआधी त्यांनी सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं, दगड चांगला होता. माझी माफी नको.

आणखी एक. रविवारी ते तुमच्या ओट्याला भोक पाडायला येणार असं कळलं. कणीक मळून ठेवा आणि चहा टाकायला जाऊ नका.

आणि हे फक्त तुमच्यापाशी. दगडात केसाएवढी रेघ होती. आणला त्याच दिवशी यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं होतं. म्हणाले, "ह्याला कुणी घेईना. तू हळू वागव, टिकंल." नऊ वर्षं टिकला. भाऊजींना सांगू नका.