हिरड्याची बातमी

पुणे, १९ मे २०२४

ती. छबूमावशीस,
सा. न. वि. वि.
तू जीपवाल्याकडे दिलेली हिरड्याची पिशवी पोचली. तुमच्या वाडीत रेंज नाही म्हणून पत्र, नाहीतर ओरडूनच सांगितलं असतं. हिरड्यातलं अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारं सत्त्व, प्रयोगशाळेत आमच्या अंदाजाच्या दुप्पट निघालं. त्याचं सरबत आणि चेहऱ्याचं क्रीम करायचं चाललंय. पेपरात ‘हिरडा हरवणार कॅन्सरला’ अशी बातमी आली. वार्ताहराने जरा फुगवलीय, पण माझा फोटो बरा आलाय. कात्रण सोबत आहे. केस विंचरले नव्हते, त्यावरून बोलू नकोस.
आई गेल्यापासून तूच आई. माया अशीच राहू दे.
तुझी संस्कृती

वाडी, ता. अकोले, ९ जून २०२४

चि. संस्कृतीस अ. आ.
कात्रण देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं. केस खरंच लई इस्कटलेत, तेल लावीत जा. आमी जल्मभर हिरडा येचून व्यापाऱ्याला घातला, पन त्यात एवढं औषध हाय हे आमच्याच पोरीनं शोधलं. मी रोज दोनदा काढा घेते. तुझे काका मला नाशिकला न्यायचं म्हनत हुते, मी न्हाई म्हनलं. काम काई मोठं न्हाई. तू येळेवर जेवत जा, अन् आमाला इसरू नको.
मावशी

वाडी, २ डिसेंबर २०२४

चि. संस्कृतीस काकांचे आशीर्वाद.
मावशीनं शपथ घातली हुती, ती मोडून लिहितो. एप्रिलात तिच्या छातीत गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरनं कॅन्सर सांगितला, पन येळेत आलात, आपरेशननं बरं वाटंल म्हनला. जूनची तारीख दिल्ती. तेवढ्यात तुझं कात्रण आलं. आपल्या पोरीनं औषध काढलंय, मग कापून कशाला घ्यायचं, म्हनली. मी लई भांडलो. आता हाडात उतरलंय, डॉक्टर आपरेशनला न्हाई म्हनतो. ती अजून काढा घेती अन् गुण येईल म्हनती. तू ये.
आदिनाथ

पुणे, २० डिसेंबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
तीन दिवस तुझ्या उशाशी बसले आणि बोलायचं ते बोललेच नाही. गुण यायला अजून किती दिवस लागतील असं तू विचारलंस, तेव्हा थोडेच, असं म्हणाले. ते खोटं होतं. मावशी, हिरड्याच्या अर्काने मेल्या त्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या. माणसाच्या अंगात तसं होतं का, हे कुणी तपासलेलंच नाही. बातमी चुकीची आहे हे मला छापून आली त्याच दिवशी कळत होतं. फोटोपायी गप्प बसले. प्रयोगशाळेत आता हात चालत नाही.
काका, हे तिला वाचून दाखवा. लोभ मागायचा हक्क मला उरलेला नाही.
संस्कृती

वाडी, १० जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद.
पत्र वाचून दाखवलं. पुन्हा वाचा म्हनली, पुन्हा वाचलं. मग म्हनली, हे शेजारच्या बनुबाईला वाचून दाखवा, तिलाबी गाठ हाय, माझं ऐकून तीबी नुसता काढाच घेतीया. मी तवाच गेलो. बनुबाईला खरं वाटंना, तुझी सही दाखवली. सोमवारी तिचा ल्योक तिला नाशिकला घेऊन गेला. उशीर झाला का न्हाई, ते अजून कळलं न्हाई.
तुझी मावशी बुधवारी गेली. शेवटी तिनं काढा मागितला न्हाई, अन् तुझं नावबी काढलं न्हाई. तुझी आठवण काढत हुती असं लिहावं, हे मनात आलं. पन आता आपन खोटं लिहू नये.
तेराव्याला ये.
आदिनाथ