‘दे’ म्हणजे किती जण

यिशुन, सोमवार

चि. सारंग यास,

तुझ्या आर्याला इंग्रजी कोण शिकवतं त्याचं नाव मला पाठव, त्या माणसाला चार शब्द सुनावायचे आहेत. (तुला व क्षिप्राला मामीचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेलच, नसला तर काढा घे आणि पुढे वाच.) गणपतीत त्या पोरीने मला शिकवलं की ‘तो’ म्हणजे ‘ही’ आणि ‘ते’ म्हणजे ‘दे’. मी चौथी शिकलेली बाई, नातीने सांगितलं ते खरं धरलं, पाठ केलं, आणि आता माझ्या घरावर चौकशी येते आहे. फोनवर कळवलं तर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेतला.

आमचा हा भाड्याचा सरकारी फ्लॅट पश्चिमेला तोंड करून बसलाय हे तू पाहिलंच आहेस (पाहिलंस म्हणजे दारातून, चपला न काढता). दुपारी दोननंतर भिंतीला लावली तर पोळी शेकेल. तुझ्या मामांचे पाय आधीच सुजलेले, त्यात हे ऊन. त्यांचं इन्सुलिन ज्या फ्रिजमध्ये असतं तो सोळा वर्षांचा, दार लागत नाही म्हणून मी परकराच्या नाडीने बांधलंय. वीज खातो ढीगभर आणि गार काही करत नाही. मागच्या महिन्यात औषध तापून वाया गेलं, हे चक्कर येऊन पडले, तर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, फ्रिज बदला. जसं काही मला सुचलंच नव्हतं!

मग खालच्या मजल्यावरच्या मलय बाईने सांगितलं की कमी मिळकतीच्या घरांसाठी एक संस्था आहे. खिडकीच्या काचांना ऊन अडवणारा पातळ कागद चिकटवतात, कमी वीज खाणारे दिवे लावून देतात, आणि नव्या फ्रिजचं कूपन. सगळं फुकट. मी त्याच दिवशी अर्ज केला. एक चिनी पोरगी आली, गोड होती, पण हातातल्या टॅबवरून मान वर करेना. घरात किती जण राहता, म्हणाली. मी म्हटलं, “आय अँड दे.” दे कोण? आता नवऱ्याचं नाव मी घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. आणि ‘ही’ कसं म्हणू? ते काय बाई आहेत? म्हटलं, “दे स्लीपिंग इन्साइड.” “हाउ मेनी दे, आंटी?” “ओन्ली दे!” “मेनी पीपल, इज इट?” “नो मेनी! दे बिग, आय स्मॉल, सो दे!” (नवऱ्याला मान द्यायचा असतो, एवढं साधं कळू नये माणसाला?) शेवटी वैतागून तीन बोटं तिच्या नाकापुढे धरली, की बाई, तीनदा सांगितलं तुला, तीनदा! ती म्हणाली, “ओके लाह, आंटी, थ्री,” आणि मला धरून चार लिहिले.

आता संस्थेचं पत्र आलंय. फ्लॅट दोघांच्या नावावर, राहतात चौघे, म्हणजे आम्ही चोरून भाडेकरू ठेवलेत असं त्यांचं म्हणणं. शनिवारी सकाळी दहाला येऊन माणसं मोजणार, जास्त निघाली तर अर्ज रद्द. तोवर ना फ्रिज, ना कागद. हे पायांवर ओला पंचा टाकून पंख्यापुढे बसलेत आणि वर मलाच म्हणतात, “अगं, घे की एकदाचं नाव. प्रबोध म्हण. मी काही मरत नाही.” (हे नाव त्यांनी घेतलंय, मी नुसतं उतरवलंय.)

तू बँकेत साहेब आहेस, इंग्रजीत भांडायचा पगार घेतोस. शनिवारी ये आणि त्यांना समजाव की मराठीत नवरा एकच असला तरी तो ‘ते’ असतो. नाव तू सांग. चहा मी करीन, पंखा मात्र ह्यांच्याकडेच राहील.

तुझी मामी

ता. क. शनिवारी नको, शुक्रवारीच ये, आणि गाडी घेऊन ये. वन्सं, म्हणजे तुझ्या मातोश्री, क्षिप्राशी भांडून चार दिवसांसाठी माझ्याकडे आल्या, त्याला दोन महिने झाले. ती पोरगी आली तेव्हा आत दोघं बहीणभाऊ घोरत होती. दोन घोरणी ऐकू येत असताना मी आत एकच माणूस असल्याची शपथ घेत होते, हे मला कबूल आहे. तिने एकच माणूस जास्त लिहिला.

ता. ता. क. वन्संना यातलं काही ठाऊक नाही. आपल्यापायी भावाचा फ्रिज अडलाय असं कळलं तर आज बॅग भरतील, आणि क्वीन्सटाउनला तुझ्याकडे नाही, मायदेशी परतायला थेट विमानतळावर जातील. मला त्यांना घालवायचं नाहीये, तू त्यांना न्यायचं आहेस. मी थाप मारून बसलेय की सारंगला आईवाचून करमत नाही, तो स्वतःहून न्यायला येतोय. तेव्हापासून रोज दुपारी विचारतात, काही म्हणाला का? किती वाजता येतोस ते गुरुवारी संध्याकाळच्या आत सांग. मला नको सांगू. त्यांना फोन कर.